उर्दू नावाशेजारचा आकडा

एक मराठी गुणयादी डोळ्यांसमोर आणा. एकाच ओळीत दोन मुलांची नावं आणि त्यांचे गुण आहेत. पान मराठी, नावं उर्दू लिपीत, गुण इंग्रजी आकड्यांत. (इथे वाचायच्या सोयीसाठी सगळं देवनागरीत लिहिलं आहे.) टंकताना क्रम असा होता: शबाना, मग ७८, मग रशीद, मग ६४; मध्ये नुसत्या मोकळ्या जागा. पडद्यावर डावीकडून वाचत गेलं तर दिसतं: ६४ रशीद ७८ शबाना. मराठी वाचकाची नजर नावापाठोपाठ गुण शोधते. म्हणून तो वाचतो, रशीदला ७८.

माहितीसाठ्यात काहीही बिघडलेलं नाही. गुण ज्याचे त्याच्याच नावावर आहेत, फाँट ठीक आहे, मजकूर युनिकोडात आहे, ब्राउझर नवा आहे. चूक फक्त डोळ्यांना दिसते, आणि यादी वाचणाऱ्या शिक्षकाकडे डोळ्यांशिवाय दुसरं साधन नाही.

आता तेच गुण मराठी आकड्यांत टंका. ओळ आपोआप सरळ होते: शबाना ७८ रशीद ६४. बाकी एक अक्षरही बदललेलं नाही. योगायोग वाटतो, पण तो नियम आहे. नियम कळला की हेही कळतं की हा दोष उर्दूचा नाही, ब्राउझरचाही नाही; पान बांधणाऱ्याने जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. मजकुराची दिशा ही मजकुराबद्दलची माहिती आहे, रंग किंवा समासासारखी सजावट नव्हे. ती मजकूर लिहिला जातो तिथे नोंदवायची आणि तो दुसऱ्या मजकुरात बसवताना पाळायची. आपल्या बहुतेक अर्जांत, याद्यांत आणि दाखल्यांत तिला जागाच नसते. मग शेवटच्या टोकाला पडदा अंदाज करतो, आणि अंदाज चुकला की आपण म्हणतो, उर्दूचं असंच असतं.

हा तंत्रज्ञांचा खासगी किस्सा नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दू असावी की नसावी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने उर्दू ठेवायला हरकत नाही असा निकाल दिला. स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेबाबतचा महाराष्ट्राचा २०२२ चा कायदा मराठी बंधनकारक करतो, पण जोडीला दुसरी भाषा लिहायला मनाई करत नाही, हा त्यातला मुद्दा. पाटीपुरता प्रश्न मिटला. रंगाऱ्याला दिशेची अडचण कधीच नव्हती. वरच्या ओळीत मराठी, खालच्या ओळीत उर्दू, संपलं. चलनी नोटेच्या मागच्या पट्ट्यावरही तेच आहे: पंधरा भाषा, प्रत्येकीची वेगळी ओळ, कुणाचा कुणाला धक्का नाही. पण मालेगाव, भिवंडी, औसा, पातूर इथला कारभार पाटीवर चालत नाही. तो जन्मनोंदीत, शाळेच्या दाखल्यात, मतदार आणि लाभार्थी याद्यांत चालतो, आणि तिथे दोन लिप्या एकाच ओळीत येतात.

साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा असतो, हे मराठी माणसाला नव्याने शिकवायला नको. 'किती' टंकताना आधी क येतो, मग ऱ्हस्व वेलांटी. दिसताना वेलांटी क च्या आधी उभी राहते. 'कर्म' मध्ये र आधी साठवला जातो आणि रफार होऊन म च्या डोक्यावर चढतो. मराठी धड न छापणाऱ्या जुन्या पीडीएफ साधनांत वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडायची, ते आठवत असेल. उर्दूत हेच साऱ्या ओळीला लागू आहे. अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवायची, दाखवताना उजवीकडून मांडायची. १९९० च्या दशकातल्या कित्येक हिब्रू वेबपानांनी उलटं केलं होतं: मजकूर दिसतो त्या क्रमाने, म्हणजे उलटाच साठवायचा. खिडकी अरुंद झाली की ओळ मोडायची आणि वाक्याचा शेवट वर, सुरुवात खाली जायची. तो मार्ग सोडून द्यावा लागला. आज साठवण उच्चाराच्या क्रमाने आणि मांडणी युनिकोडच्या द्विदिश अल्गोरिदमने, म्हणजे दोन दिशांचा मजकूर एका ओळीत बसवण्याच्या ठरलेल्या नियमांनी, अशी वाटणी सगळीकडे आहे.

हा अल्गोरिदम अर्थ पाहत नाही. तो प्रत्येक चिन्हाचा वर्ग पाहतो. देवनागरी किंवा रोमन अक्षर म्हणजे पक्कं डावीकडून. हिब्रू अक्षर म्हणजे पक्कं उजवीकडून. अरबी-फारसी-उर्दू अक्षरही उजवीकडून, पण त्याचा वर्ग हिब्रूपेक्षा वेगळा ठेवलेला आहे, आणि पुढचा बराच गोंधळ या वेगळेपणातून येतो. मोकळी जागा, कंस, उद्गारचिन्ह ही तटस्थ; शेजाऱ्यांकडे बघून बाजू घेणारी. इंग्रजी आकडे मधले: स्वतःच्या आत डावीकडून, पण आजूबाजूला उर्दू असली की तिच्या ओघात वाहणारे. आणि मराठी आकडे? युनिकोडने त्यांना अक्षरांच्याच वर्गात टाकलं आहे, पक्के डावीकडून. म्हणून गुणयादीत मराठी ७८ खांबासारखा उभा राहतो आणि उर्दूचा ओघ तिथे थांबतो. इंग्रजी ७८ तसा थांबवू शकत नाही. नाव, आकडा, नाव, आकडा अशी सगळी साखळी एकच उर्दू तुकडा समजली जाते आणि उजवीकडून मांडली जाते.

यावरून कुणी असा निष्कर्ष काढेल की सगळीकडे मराठी आकडे वापरा, प्रश्न सुटला. मराठीच्या अभिमानाला बरा वाटणारा उपाय आहे, पण पाच मिनिटंही टिकत नाही. खाते क्रमांक, पिनकोड, मोबाइल, आधार सगळे इंग्रजी आकड्यांतच साठवलेले असतात, आणि उर्दू वाचकाने मराठी आकडे का वाचावेत?

आकड्यांचा प्रकार उर्दू वाक्यात शिरल्यावर आणखी रंगतो. उजवीकडून चालणाऱ्या उर्दू परिच्छेदात मोबाइल क्रमांक आपल्या सवयीने पाच-पाच आकड्यांत तोडून लिहिला, १२३४५ ६७८९०, तर पडद्यावर डावीकडून दिसतो ६७८९० १२३४५. मधली मोकळी जागा तटस्थ, दोन्ही बाजूंचे आकडे उजव्या ओघातले, म्हणून पहिला गट उजवीकडे, दुसरा डावीकडे. आधी अधिक चिन्ह आणि ९१ लावलं तर अधिक ९१ च्या उजवीकडे, साऱ्या क्रमांकाच्या शेपटीला जाऊन बसतं. क्रमांक पाहून फोन लावणारा चुकीच्या घरी फोन लावतो. दहा आकडे सलग लिहिले तर काही होत नाही.

आडव्या रेघेची गोष्ट याहून फसवी. उर्दू शब्दानंतर १५-०४-२०२५ अशी तारीख आली की ती २०२५-०४-१५ अशी दिसते. कारण असं: उर्दू अक्षरामागून येणारा इंग्रजी आकडा अल्गोरिदम अरबी आकड्याच्या वर्गात टाकतो, आणि अरबी आकड्यांना आडवी रेघ जोडू शकत नाही. तिरकी रेघ जोडू शकते. १५/०४/२०२५ शाबूत राहते. म्हणून ४५/२ हा गट क्रमांक उर्दू वाक्यात सुखरूप असतो आणि १२३-४५-६७८९ हा जावक क्रमांक ६७८९-४५-१२३ होतो. तारीख उलटली तरी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तिचा अर्थ तोच लागतो. त्यामुळे चाचणी करणाऱ्याला चूक दिसतच नाही. तो तारखेवर बरोबरची खूण करतो आणि जावक क्रमांक तपासायचं कुणाच्या यादीत नसतं.

आणखी एक खोच आहे, आणि तीच चाचण्यांना सर्वात जास्त चकवते. हीच तारीख उजवीकडून चालणाऱ्या तक्त्यात एकटी, स्वतःच्या रकान्यात असेल तर उलटत नाही. तिच्या आधी उर्दू अक्षर नसल्यामुळे आकडा अरबी वर्गात जातच नाही. हिब्रू वाक्यातही ती उलटत नाही, कारण हिब्रू अक्षराचा वर्ग वेगळा. म्हणजे हिब्रूवर तपासून 'उजवीकडून चालणाऱ्या भाषा चालतात' असा शिक्का मारलेलं सॉफ्टवेअर उर्दूत चुकू शकतं, आणि तक्ता तपासून पास केलेलं पान त्याच माहितीचं वाक्य करून दाखवताना चुकू शकतं. मोकळ्या जागेने तोडलेला मोबाइल क्रमांक मात्र हिब्रूतही उलटतो आणि उजवीकडून चालणाऱ्या रकान्यात एकटा असला तरी उलटतो. नियमाला दोष देण्यात अर्थ नाही. ६-१४ वयोगट उर्दू वाक्यात १४-६ असा दिसतो, आणि उजवीकडून वाचणाऱ्याला तो सहा ते चौदा असाच वाचता येतो. पल्ला आणि क्रमांक यांतला फरक चिन्हांच्या वर्गात कुठेही लिहिलेला नाही. तो माहीत असतो अर्ज बांधणाऱ्याला. सांगायचं त्यानेच.

मराठी ओळीत उर्दू नावांची जोडी आली तर काय होतं तेही पाहू. 'प्रथम व द्वितीय:' असं मराठीत लिहून पुढे स्वल्पविरामाने जोडलेली दोन उर्दू नावं. स्वल्पविराम दोन उजव्या शब्दांच्या मध्ये सापडतो, उजव्या ओघात सामील होतो आणि दुसरं नाव डावीकडे येतं. मराठी वाचकासाठी द्वितीय आलेला विद्यार्थी प्रथम झाला. साध्या मजकुराच्या फायलीत हेच जास्त महागात पडतं. स्वल्पविरामाने रकाने तोडलेली यादी नोटपॅडमध्ये उघडली की मुलाचं नाव आणि वडिलांचं नाव, दोन्ही उर्दूत, शेजारी शेजारी असतील तर जागा बदललेले दिसतात. फाइल बरोबर असते. संगणकचालक प्रामाणिकपणे ती 'दुरुस्त' करतो, आणि त्या क्षणी जी चूक फक्त दिसत होती ती खरी होते. वडील मुलाच्या रकान्यात जातात. पुढे दाखल्यात नाव बदलून घ्यायला राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि चार खेटे.

सरकारी संकेतस्थळांना या कटकटीतून सुटायचा एक राजमार्ग सापडलेला आहे: उर्दू मजकुराचं चित्र लावायचं. सूचना इनपेज या उर्दू जुळणीच्या प्रोग्राममध्ये जुळवायची, छापायची, स्कॅन करायची, चढवायची. इनपेजने १९९० च्या दशकात उर्दू वर्तमानपत्रांना कातिबाच्या, म्हणजे मजकूर हाताने लिहून देणाऱ्याच्या, हातातून संगणकावर आणलं, ते काम मोठं आहे. पण जुन्या इनपेजची अक्षरं साठवायची पद्धत स्वतःची होती, युनिकोडची नव्हे. आपल्याकडच्या जुन्या मराठी फाँटांची जी कथा, तीच. चित्रातली उर्दू सुंदर दिसते. ती शोधता येत नाही, मोबाइलवर मोठी करून ओळीत बसवता येत नाही, अंध वाचकाच्या स्क्रीनरीडरला ऐकवता येत नाही, तिच्यातला क्रमांक उचलून फोन लावता येत नाही. दिशेची चूक टाळली खरी, पण मजकूरच काढून टाकला. मराठी सूचना अशी स्कॅन करून लावली तर आपण तक्रार करतो, आणि रास्तच करतो.

दुसरी पळवाट प्रोग्रामरची. दाखला पीडीएफमध्ये छापायचा असतो, हाताशी असलेल्या साध्या साधनाला ना अल्गोरिदम येतो ना उर्दू अक्षरांची जोडणी. अक्षरं सुटी सुटी आणि डावीकडून छापली जातात. मग कुणीतरी छापण्यापूर्वी सारी ओळ उलटवतो. नाव वाचता येऊ लागतं, टाळ्या पडतात, आणि २०२५ चं ५२०२ होतं. मग आकड्यांपुरता अपवाद लिहितात, मग कंसांसाठी, मग इंग्रजी शब्दांसाठी. असा एक लंगडा अल्गोरिदम तयार होत जातो. याहून वाईट म्हणजे कधी कधी उलटवलेली ओळच साठ्यात जपून ठेवली जाते. तिथून पुढे शोध लागत नाही, जुळणी होत नाही, आणि साधन सुधारलं की सगळी जुनी नावं उलटी दिसतात. अक्षरजोडणी आणि द्विदिश मांडणी करणारी खुली, फुकट साधनं वर्षानुवर्षं उपलब्ध आहेत: जोडणीला हार्फबझ, दिशेला फ्रिबिडी किंवा आयसीयू. उलटवण्याचा प्रोग्राम लिहिणं म्हणजे दारात विहीर असताना टँकर बोलावणं.

तिसरी युक्ती जास्त शहाणी दिसते म्हणून जास्त पसरते. युनिकोडमध्ये दिशा सांगणारी बारा अदृश्य चिन्हं आहेत. त्यांतलं 'डावीकडून' असं सुचवणारं चिन्ह नावाच्या मागे चिकटवलं की गुणयादी सरळ होते. झालं, काम करणारे ते चिन्ह साठ्यातल्या नावातच घालून ठेवतात. आता 'रशीद' आणि 'रशीद अधिक अदृश्य चिन्ह' ही दोन वेगळी नावं झाली. डोळ्यांना सारखी, संगणकाला निराळी. शोधात एकच सापडतं, दुबार नावं गाळणारा प्रोग्राम दोन्ही ठेवतो, आणि ओळख पडताळणी 'नाव जुळत नाही' म्हणते. का जुळत नाही ते समोरच्या कारकुनाला जन्मात कळणार नाही.

या चिन्हांचा खोडसाळ वापरही होतो. बळजबरीने उजवीकडून मांडायला लावणारं एक चिन्ह फायलीच्या नावात टाकलं की चालवता येणाऱ्या प्रोग्रामची फाइल पीडीएफ असल्यासारखी दिसते. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवलं की याच चिन्हांनी प्रोग्रामचा मूळ मजकूरही तपासनिसाला एक आणि संगणकाला दुसराच दिसेल असा लिहिता येतो. त्या धास्तीने काही ठिकाणी सगळीच अदृश्य चिन्हं सरसकट गाळायची पद्धत निघाली. ही आपल्यावरच उलटते. अक्षरं जोडणारं आणि तोडणारं शून्य रुंदीचं चिन्ह मराठीलाही लागतं, अर्धं अक्षर अर्धंच दाखवायला किंवा हलन्त मुद्दाम उघडा ठेवायला. गाळायची ती दिशेची चिन्हं, आणि तीही नाव, क्रमांक, फाइलनाव यांसारख्या छोट्या रकान्यांतून. लांब मजकुरातून नव्हे, कारण तिथे लिहिणाऱ्याने ती जाणून घातलेली असू शकतात.

मग करायचं काय? साठ्यात नाव स्वच्छ ठेवायचं, आणि ते दुसऱ्या मजकुरात बसवताना भोवती कुंपण घालायचं. सप्टेंबर २०१३ च्या युनिकोड ६.३ आवृत्तीत यासाठीच विलग करणारी चिन्हं आली: तुकड्याआधी एक उघडणारं, नंतर एक मिटणारं. आतला तुकडा आपली दिशा आपल्यापुरती ठरवतो आणि बाहेरच्यांना तो एका तटस्थ ठोकळ्यासारखा दिसतो. नावातली उर्दू बाहेरच्या ७८ ला ओढत नाही, बाहेरचा स्वल्पविराम तिच्या ओघात जात नाही. त्यापूर्वीची चिन्हं दिशा सांगायची, पण तुकड्याला शेजाऱ्यांपासून तोडायची नाहीत. फरक तिथे आहे. त्याच आवृत्तीत जोडीच्या कंसांचाही नियम आला, त्यामुळे ओळीच्या शेवटी बंद होणारा कंस विरुद्ध टोकाला पळणं नव्या साधनांत बरंच कमी झालं. वेबपानावर ही चिन्हं हाताने टाकायची गरजही नाही. 'बीडीआय' नावाची खूण नेमकं हेच करते आणि आतल्या मजकुराची दिशा स्वतः ओळखते. अँड्रॉइडवर याच कामाला बायडायफॉरमॅटर आहे.

'एवढं प्रत्येक ठिकाणी कोण लिहीत बसणार?' हा आक्षेप मी गंभीरपणे घेत नाही. बाहेरून आलेलं प्रत्येक मूल्य पानावर टाकण्यापूर्वी धोकादायक चिन्हं निष्प्रभ करणाऱ्या फंक्शनमधून जातं. सुरक्षेसाठी ते सगळे करतात, प्रोग्रामरच्या बहुतेक तयार चौकटी (फ्रेमवर्क) आपोआप करतात. कुंपण त्याच दारात घालायचं. दार एकच असेल तर काम एकदाच आहे. दार एकच नसेल तर दिशेपेक्षा मोठी काळजी करण्यासारखी गोष्ट आहे.

दिशा आपोआप ओळखणं म्हणजे पहिलं पक्कं अक्षर पाहणं. नावांसाठी ते जवळजवळ नेहमी पुरतं. वाक्यासाठी पुरत नाही: उर्दू तक्रार 'तहसीलदार' या देवनागरी शब्दाने किंवा रोमन लिपीतल्या ॲपच्या नावाने सुरू झाली की सारा परिच्छेद डावीकडून मांडला जातो. गंमत अशी की उर्दूचा पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह स्वतः उजव्या वर्गातले आहेत, त्यामुळे वाक्याचं टोक जागेवर दिसतं आणि मधल्या शब्दांची अदलाबदल नजरेतून निसटते. म्हणून लांब मजकुराच्या रकान्यात टंकणाऱ्याला दिशा बदलायची सोय द्यायला हवी आणि ती दिशा मजकुराबरोबर सर्व्हरकडे पोचायला हवी. एचटीएमएलमध्ये त्यासाठी 'डिरनेम' नावाचा गुणधर्म आहे. ती साठवायला तक्त्यात एक रकाना लागतो. तो एक रकाना आज बहुतेक तक्त्यांत नाही, आणि सगळी मेख तिथे आहे. दिशा सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या सजावटीच्या नियमांत, लिहू नये, हेही याच कारणाने: मजकूर ईमेलमध्ये किंवा दुसऱ्या प्रणालीत गेला की सजावट मागे राहते, आणि तिच्यासोबत दिशाही. क्रमांकांच्या रकान्यांना मात्र ओळखायला काही सांगू नका. मोबाइल, जावक क्रमांक, ईमेल, संकेतस्थळाचा पत्ता यांना ठामपणे 'डावीकडून' असं बांधून टाका, पान कुठल्याही भाषेचं असो.

भाषेच्या यादीतून दिशा ठरवण्याचा मोह टाळावा. उल्हासनगरात सिंधी अरबी वळणाच्या लिपीत आणि देवनागरीत अशी दोन्हींत लिहिली जाते. काश्मिरीचं तेच. कोकणी तर देवनागरी, रोमी, कन्नड, मल्याळम आणि अरबी-फारसी अशा पाच लिप्यांत लिहिली जाते. पणजीतली कोकणी डावीकडून चालते, कर्नाटकातल्या भटकळच्या नवायत मुसलमानांची उजवीकडून. दिशा लिपीला असते, भाषेला नव्हे.

या विषयातली जाणकार मंडळी बहुधा दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतात: आधी सारं ॲप आरशासारखं उलटवा, मेनू उजवीकडे न्या, मागे जाण्याचा बाण फिरवा. अरबस्तानातल्या ग्राहकासाठी ते योग्य आहे. महाराष्ट्रात मला हा क्रम पटत नाही. इथला उर्दू वाचक बहुतेक वेळा मराठी, हिंदी किंवा इंग्रजी चौकटीतच वावरतो; त्याचं नाव, त्याच्या शाळेचं नाव, त्याची तक्रार उर्दूत असते. आधी ओळीच्या आतला गुंता सोडवा. चौकट उलटी नसली तर वाचकाला गैरसोय होते. ओळ उलटी असली तर त्याला चुकीची माहिती मिळते. उलट क्रमाने गेलेल्या कामांत देखणा उजवा मेनू असतो आणि त्याच्याशेजारी शेपटीला अधिक चिन्ह लटकलेला मोबाइल क्रमांक.

'वापरणारे थोडे आहेत' हा शेवटचा आक्षेप. थोडे असोत. नाव चुकलेला माणूस शेकडेवारीने कमी चुकलेला नसतो. आणि हे काम थोड्यांसाठी करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १८७४ साली पुण्यात बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, समाजासाठी हगादा ही वल्हांडण सणाची प्रार्थनापोथी छापली गेली, हिब्रू प्रार्थना आणि तिचं मराठी भाषांतर एकाच पुस्तकात. संख्येने हा समाज किती लहान होता! हिब्रू कुठे सुरू होते, मराठी कुठे संपते, हे तेव्हा माणसाने ठरवलं होतं. आज ठरवायला कुणीच नाही, म्हणून अल्गोरिदम ठरवतो.

महापालिका किंवा जिल्हा परिषद सॉफ्टवेअर विकत घेते तेव्हा निविदेत 'युनिकोड अनुरूप' आणि 'बहुभाषिक' असे दोन शब्द असतात. दोन्ही गुणयादीतल्या उलट्या ओळीला पास करतात, कारण ती ओळ युनिकोडच्या नियमाप्रमाणेच उलटली आहे. त्याऐवजी निविदेला चाचणीचा मजकूर जोडावा, नेमका, उर्दू लिपीत टंकलेला. मराठी ओळीत दोन उर्दू नावं आणि दोन इंग्रजी आकडे. उर्दू वाक्याच्या मध्यात आडव्या रेघांचा जावक क्रमांक आणि मोकळी जागा असलेला, देश संकेतासह मोबाइल. देवनागरी शब्दाने सुरू होणारी उर्दू तक्रार. कंसात टोपणनाव असलेलं उर्दू नाव ओळीच्या अगदी शेवटी. हे चारही मजकूर पडद्यावर, छापील दाखल्यात, पीडीएफमधून उचलून दुसरीकडे चिकटवल्यावर आणि एसएमएसमध्ये तपासायचे. एसएमएसची अडचण वेगळी आहे: मराठी-उर्दू संदेशात सत्तरच अक्षरं मावतात, कुंपणाची दोन चिन्हं त्यातलीच दोन खातात, आणि जुन्या फोनवर ती चौकोन म्हणून उमटतात. तिथे क्रमांक सलग लिहिणं आणि नाव स्वतंत्र ओळीवर टाकणं जास्त भरवशाचं.

तपासणाऱ्यांत उर्दू वाचणारा हवा, हे तर उघड आहे. मराठी वाचणाराही हवा, कारण गुणयादीतली चूक उर्दू वाचकाला दिसेलच असं नाही. तो ती ओळ उजवीकडून वाचेल, शबाना ७८, रशीद ६४, आणि म्हणेल सगळं ठीक आहे.